गावभागातील जुन्या घराचे रंगकाम: एका रंगाऱ्याच्या सेवेविषयी

सांगलीच्या गावभागात घर असणाऱ्याला भिंतीवरची पुराची रेघ नवी नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. या दोन्ही पुरांत आमच्या तळमजल्यात कमरेच्या वर पाणी होते. त्यानंतर घराला दोनदा रंग लागला. पहिला एका कंत्राटदाराने २०२१ च्या दिवाळीआधी दिला आणि तो एक पावसाळासुद्धा टिकला नाही. दुसरा आमच्याच भागातील एका वयस्कर रंगाऱ्याने आपल्या दोन मदतनिसांसह मार्च २०२४ मध्ये दिला. हा अभिप्राय या दुसऱ्या कामाविषयी आहे, परंतु पहिले काम कशाने बिघडले हे सांगितल्याशिवाय दुसऱ्याचे मोल कळणार नाही.

पुराचे पाणी ओसरून जेमतेम तीन महिने झाले होते. भिंती हाताला कोरड्या लागत होत्या, म्हणून कंत्राटदाराने वरवर खरवडून पुट्टी भरली, प्रायमर मारला आणि प्लॅस्टिक पेंटचे दोन हात दिले. दिवाळीत घर सुरेख दिसले. पुढच्या जूनमध्ये जमिनीपासून चार फुटांपर्यंत फुगवटे आले, ते दाबले की आतून पांढरी पूड गळू लागली आणि तळहाताएवढे पोपडे सुटू लागले. कंत्राटदाराने दोष रंगाच्या डब्यावर ढकलला आणि त्याहून महागडा, ओल रोखणारा रंग सुचवला. आम्ही तोही एका भिंतीला लावून पाहिला. तो सहा महिन्यांत गिलाव्यासकट सुटला.

दुसऱ्या रंगाऱ्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये बोलावले, तेव्हा त्याने रंगाच्या छटा दाखवणारे पुस्तक उघडलेच नाही. प्रथम त्याने तीन-चार ठिकाणचे पोपडे काढले आणि उलटे करून पाहिले. मला या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. माजघरातील पोपड्याच्या पाठीला चुन्याची पूड चिकटलेली होती. म्हणजे वर्षानुवर्षांचे चुन्याचे हात न काढता त्यांच्यावरच पुट्टी भरली होती, आणि सुट्या पुडीवर पुट्टी धरत नाही. जिन्यातील पोपड्याखाली जुना ऑइलपेंट काचेसारखा चकचकीत होता. तो न घासता त्यावर नवा हात मारल्याने दोन थर एकमेकांना चिकटलेच नव्हते. बाहेरच्या खोलीतील पोपड्याची पाठ मात्र ओलसर होती आणि तिच्यावर बारीक स्फटिक चमकत होते. तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर फुटलेले क्षार. एकाच घरातील तीन पोपडे तीन निरनिराळ्या कारणांनी सुटले होते आणि पहिल्या कंत्राटदाराने तिघांना एकच औषध दिले होते.

मग त्याने बाहेरच्या खोलीत फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावला आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहिला. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे जमले होते. पाणी खोलीतील हवेचे असते तर ते बाहेरच्या बाजूला दिसले असते. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतील पाणी विटांतील बारीक छिद्रांतून वर चढत राहते. त्यात दोन पुरांचे पाणी मुरलेले. हे पाणी भिंतीतून उडून जाताना क्षार मागे ठेवते, क्षारांचे स्फटिक वाढतात आणि गिलावा फोडतात. प्लॅस्टिक पेंटने भिंतीचे तोंड बंद केले की उडून जाणारे पाणी रंगामागे साठते आणि रंग फुगतो. म्हणूनच महागडा रंग स्वस्तापेक्षाही वाईट रीतीने सुटला. "काकू, हिला एक हिवाळा मोकळी राहू द्या, मग रंगाचं बघू," एवढेच तो म्हणाला आणि आगाऊ रक्कम न घेता गेला.

नोव्हेंबरमध्ये त्याने चार फुटांपर्यंतचा गिलावा विटांपर्यंत काढला. दर पंधरा दिवसांनी त्याचा मदतनीस येऊन विटांवर फुटलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडून, सुपलीत गोळा करून बाहेर नेत असे. पाण्याने धुतले तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात, म्हणून त्याने मला फडकेसुद्धा फिरवू दिले नाही. चार महिने उघड्या विटांत राहणे सोपे नव्हते. घरात सतत धूळ होती. मार्चमध्ये खालच्या भागाला चुना-वाळूचा गिलावा आणि त्यावर चुन्याचे पातळ हात दिले, वरच्या भागाला पाण्यात कालवायचा रंग.

वरच्या मजल्यावर दोष वेगळे होते. खांब आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे उभी भेग होती. काँक्रीट आणि वीट उन्हात सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळे नुसती पुट्टी भरली तर ती भेग पुन्हा उघडतेच. त्याने तो पट्टा फोडून जाळी ठोकली आणि नवा गिलावा केला. छतावरील तपकिरी डागाला गच्चीच्या कठड्याची भेग बुजवेपर्यंत त्याने हात लावला नाही, कारण असा डाग पाण्यात कालवलेल्या रंगातून वर उमटतोच. जिन्यातील जुना ऑइलपेंट त्याने ओल्या पॉलिश पेपरने घासला. घरगुती रंगांतील शिशाला दशलक्ष भागांत ९० भाग ही बंधनकारक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या रंगाची कोरडी धूळ घरात, विशेषतः लहान मुले असताना, उडू देऊ नये.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बारा दिवस सांगितलेले शेवटचे रंगकाम एकोणीस दिवस चालले. खर्चाचा तपशील लेखी मिळाला नाही. एकूण रक्कम पहिल्या कंत्राटदाराच्या दीडपट झाली, ती मला वाजवी वाटली तरी कागद हवा होता. दिवाणखान्यात रंग कमी पडला आणि नंतर आणलेल्या डब्याची छटा किंचित गडद निघाली. सगळे डबे आधी एका पिंपात एकत्र करून घेतले असते तर हा फरक दिसला नसता. दोन दरवाजांवर शेवटच्या दिवशी घाईने जाड हात मारल्यामुळे वरची साय आधी वाळली आणि खालचा रंग ओला राहून सुरकुत्या पडल्या. तक्रार करताच त्याने दोन्ही दरवाजे घासून, दोन हातांत दिवसाचे अंतर ठेवून, विनामोबदला पुन्हा रंगवले.

त्यानंतर दोन पावसाळे झाले. वरच्या रंगाला कोठेही फुगवटा नाही. खालच्या चार फुटांत ईशान्य कोपऱ्यात लोणा अजून थोडा फुटतो, आणि चुना कपड्याला लागतो म्हणून पलंग भिंतीपासून हातभर दूर सरकवला आहे. तेवढ्या भागाला दरवर्षी चुन्याचा एक हात द्यावा लागेल, हे त्याने काम सुरू होण्यापूर्वीच सांगितले होते.