परीक्षा संपताच परत, की मार्चअखेरपर्यंत मुक्काम?

जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं, पण वर्ग फेब्रुवारीतच आटपतात. एका सत्रापुरता हायडेलबर्गला गेलो होतो, तेव्हा प्रश्न पडला: पेपर झाले की विमान पकडायचं, की उरलेले सहा आठवडे राहायचं?

लगेच निघालं तर खाण्याजेवणाचा खर्च वाचतो, आईचा जीव भांड्यात पडतो. पण धावपळ फार. घर सोडल्याची नोंद पालिकेत करा, बँकेचं खातं आवरा, खोली घासूनपुसून द्या, तेव्हा कुठे अनामत सुटणार. मित्रांचा निरोप मग जिन्यातच.

राहिलं तर खिसा हलका होतो. मात्र २०२५ मध्ये ५८ युरोंच्या ‘डॉइचलांड-टिकट’वर महिनाभर देशातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या चालायच्या (वेगवान आयसीई नाही, उगाच चढू नका). मी राहिलो. श्पायर, फ्रायबुर्ग पाहिलं. नेकार नदीवरचा जुना पूलसुद्धा तेव्हाच नीट बघितला. आधी तो फक्त ओलांडला होता. दक्षिण आशिया संस्थेतही डोकावलो. खंडोबा आणि धनगरांवर वर्षानुवर्षे संशोधन करणारे गुंथर सोंथायमर तिथेच शिकवत. मी जेजुरीला गेलो होतो एकदाच, शाळेच्या सहलीत. जरा ओशाळलोच.

पैशांची ओढाताण असेल तर फेब्रुवारीतच निघावं, त्यात कमीपणा नाही. नाहीतर थांबा. खोलीचा करार मार्चअखेरपर्यंत असेल, तर भाडं तसंही भरावंच लागतं.