एकच रिपोर्ट, दोघींची मान आखूड

कपाट उघडलं की तेच चार काळे टॉप आणि ढगळ शर्ट. बदल हवा होताच, त्यात एका स्टाइल कन्सल्टंटची जाहिरात दिसली: एक फोटो पाठवा, तुमचा ‘सीझन’, म्हणजे कुठल्या ऋतूचे रंग तुम्हाला शोभतात ते सांगतो. खाली आधीचे-नंतरचे फोटो. आधीच्या फोटोत पिवळा दिवा, पोक काढलेली पाठ, उतरलेला चेहरा. नंतरच्या फोटोत खिडकीचा उजेड, लिपस्टिक, ताठ मान. गोणपाट नेसवलं असतं तरी फरक दिसलाच असता. पण हे आत्ताचं शहाणपण.

रात्री बल्बखाली सेल्फी काढून पाठवला. पहिल्याच फोनवर बाईंनी योहान्नेस इट्टेनचं नाव घेतलं, रंग आणि ऋतूंची सांगड वगैरे. मी भारावले. इट्टेन खराच होता, स्विस चित्रकार, १९१९ ते १९२३ बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवायचा. म्हणून त्याचं नाव घेणाऱ्याला रंग कळतात असं थोडंच आहे! दोन दिवसांत बावीस पानी रिपोर्ट आला. मी ‘ऑटम’. मोहरी, विटकरी, शेवाळी वापरा. आकाशी, राखाडी आजच काढून टाका. शेवटच्या पानावर ‘खास तुमच्यासाठी’ निवडलेले पाच कपडे, मापानं शिवून मिळणारे. मापाचे कपडे परत घेत नाहीत, हे बारीक अक्षरांत.

पैसे भरले. आकाशी शर्ट भाचीला देऊन टाकला.

मोहरी जॅकेट घालून बाहेर पडले, तर दोघांनी विचारलं, कावीळ झाली का? खांद्याची शिवण दोन बोटं खाली उतरलेली, मुंढा इतका खोल की हात उचलला की अख्खं जॅकेट वर. फोटोतल्या मॉडेलला मात्र चापून बसलेलं. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा काखेपाशी मागे ओढल्या गेलेल्या चुण्या दिसल्या. पाठीमागे चिमटे लावलेले असणार.

मैत्रिणीजवळ रडगाणं गायले, तर ती गप्पच. तिनंही तोच रिपोर्ट घेतला होता. ती माझ्याहून कितीतरी सावळी, वीतभर उंच. तरी शब्दन्‌शब्द तोच, ‘तुमची मान आखूड असल्यामुळे’सकट. तिची मान बगळ्यासारखी आहे. चौदाव्या पानावर तर आमच्या नावांच्या जागी कुणा तिसरीचंच नाव राहून गेलेलं! तक्रार केली, तर उत्तर आलं, “तुम्ही रंग मनापासून स्वीकारला नाहीत.” मग ब्लॉक.

फोटोवरून रंग सांगणारं कुणी भेटलं तर आधी बघा, फोटो कुठल्या उजेडात काढायचा हे ते सांगतात का. मला कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय फोनचा कॅमेरा आपल्या मनानं रंग सावरून घेतो, त्वचेचाही. त्वचेची छटा ओळखायला मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या बघायला सांगतात, तर तेही उजेडाप्रमाणे बदलतं.

नंतर मी घरीच करून पाहिलं. दिवसा खिडकीपाशी, मेकअप न करता, केस पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून हनुवटीखाली एकेक कपडा धरला. मोहरी रंगानं डोळ्यांखालची वर्तुळं गडद झाली. राखाडी धरला तेव्हा आधी चेहरा दिसला, कपडा नंतर.

ढगळ शर्ट शिंप्याकडे नेले. खांदा बरोबर असलेल्या दोघांना मागून टक्स घेतले आणि कमरेला आकार आला. जॅकेट त्यानं नुसतं उलटंसुलटं केलं: खांदा चुकलाय, बाही उसवून सगळंच नव्यानं बेतावं लागेल, राहू द्या.

आकाशी शर्ट भाचीला इतका शोभतो की परत मागायची सोय नाही.