पंजे टिपणारी काच : काही महिन्यांच्या वापरानंतर

उंदरांची चाल मोजणाऱ्या आमच्या यंत्रात काचेच्या एका टोकाची एलईडी पट्टी मंदावली आणि कंपनीने अख्खा वॉकवे, म्हणजे उंदीर ज्यावरून चालतो तो काचेचा मार्ग, बदलायचं कोटेशन पाठवलं, म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर एरवी यंत्राबद्दल कोण लिहितंय! कॅमेरा किती फ्रेमचा, सॉफ्टवेअर किती आकडे काढतं, हे सगळं ब्रोशरमध्ये आहे. ते इथे सांगत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, अजून त्यांच्याशीच बोलणी करायची आहेत.

आमची लॅब बेळगावात. काम मज्जारज्जूच्या इजेचं. सी-५७ या जातीच्या काळ्या उंदरांना पाठीच्या मधल्या मणक्यांपाशी मोजून धक्का द्यायचा आणि मागचे पाय कितपत परत येतात ते आठवड्यागणिक बघायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे की खरी कटकट ऑपरेशनची नसते. नंतर रोज सकाळ-संध्याकाळ एकेकाला हातात धरून मूत्राशय रिकामं करावं लागतं, आणि पाय सुधारला की नाही यावर दोघांचं एकमत व्हावं लागतं. यंत्र घेतलं ते या दुसऱ्या भांडणासाठी.

आता पट्टीचं. काचेच्या कडेतून आत सोडलेला उजेड आतल्या आतच परावर्तित होत राहतो. पंजा टेकला की तेवढ्या जागी तो विखुरतो आणि खालच्या कॅमेऱ्याला पंजा चमकताना दिसतो. मग सॉफ्टवेअर त्या चमकेवरून ठरवतं की उंदराने पायावर भार किती दिला. म्हणजे सगळा खेळ उजेडावर. आणि ऑपरेशनच्या आधीच्या, म्हणजे धडधाकट उंदरांच्या नोंदी घेताना आमच्याकडे दिसू लागलं की काचेच्या शेवटच्या भागात मागचे पंजे फिके पडतायत. विद्यार्थ्यांचं म्हणणं, पुढे अंधारी पेटी आली की उंदीर कचरत असतील. ॲनिमल हाउसचे मामा दारातून बघत होते. म्हणाले, "उंदराला काय झालं न्हाई मॅडम, तिकडं उजेडच कमी पडालाय."

पेटी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली आणि उंदीर उलटे धावडवले. फिकेपणा त्याच टोकाला! मामा बरोबर.

हे मला फार लागलं. का ते सांगते. उजेड कमी झाला की फक्त भाराचा आकडा चुकत नाही. फिका ठसा सॉफ्टवेअरच्या किमान पातळीखाली गेला की त्याच्या कडा कापल्या जातात. ठशाचं क्षेत्रफळ घटतं, पाय टेकलेला वेळही कमी दिसतो. आणि स्क्रीनवर कुठेही लाल खूण नाही, इशारा नाही. एवढ्या किमतीच्या यंत्राला स्वतःचा दिवा मंदावलेला कळू नये? ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली, कारण इजेआधीची नोंद नंतर कुठून आणणार? आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने मंजूर केलेत तेवढेच उंदीर. पट्टी गेली म्हणून आणखी द्या, असं त्यांना सांगता येत नाही.

बंगळुरूहून इंजिनिअर आला, तोही बऱ्याच फोनांनंतर. पट्टी सुटी मिळत नाही, काचेसकट पूर्ण भाग घ्यावा लागेल, वर जीएसटी आणि वाहतूक. वॉरंटी? काच आणि दिवे "उपभोग्य वस्तू"त मोडतात म्हणे! उद्यमबागेत चार कारखाने फिरले तर अशी पट्टी बसवून देणारा सहज मिळेल, पण उघडलंत तर उरलेली वॉरंटीही गेली, हे त्याने जाता जाता दोनदा ऐकवलं. शेवटी उजळ भाग तेवढाच मोजणीत धरला. उंदराची पावलं ती केवढी! उरलेल्या काचेतही चालीची पुरेशी आवर्तनं बसतात. काम चाललंय.

इथपर्यंत वाचून "यंत्र घेऊ नका" असा अर्थ काढाल. मीही आधी तेवढंच लिहिणार होते.

इजेनंतरच्या पहिल्या दिवसांत हे यंत्र अगदीच निकामी, हे आधी कबूल करा. मागचे पाय फरफटत असतात, पोट काचेला घासतं, लघवी गळते. सॉफ्टवेअर पोटाच्या डागाभोवती चौकोन काढून त्याला "उजवा मागचा" म्हणतं. त्या काळात बासो माउस स्केलच खरं. ओहायोच्या बासो आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दिलेली ही ० ते ९ ची मोजपट्टी. उंदीर मोकळ्यावर ४ मिनिटं, बघणारे दोघे, आणि घोटा हलतो का, तळवा टेकतो का, पाऊल पडतं का, हे डोळ्यांनी ठरवायचं. खर्च म्हणाल तर खडेबाजारातून आणलेला एक पसरट गोल टब.

पण उंदीर पावलं टाकू लागले की ही मोजपट्टी एका जागी अडते. पुढच्या-मागच्या पायांचा समन्वय आहे की नाही यावर आमची जुंपायची. एका आठवड्यात दोन उंदरांना आम्ही दोघांनीही ५ दिले. काचेवर सोडले तर एकाच्या चारही पायांचा क्रम जवळजवळ नेहमीच्या ठरलेल्या क्रमांत बसत होता. दुसरा मधेच एक पाऊल खायचा आणि मागचे पाय फाकवून तोल सांभाळायचा. व्हिडिओ सावकाश करून पाहिला, यंत्राचं म्हणणं खरं होतं. डोळ्यांना हे जमलं नसतं. त्या दिवशी पट्टीवरचा राग निम्मा उतरला.

वेगाचं मात्र कंपनीचा माणूस डेमोत सांगत नाही. उंदीर हळू चालला की पाय टेकलेला वेळ आपोआप वाढतो आणि पाऊल आखूड होतं. जखमी उंदीर हळूच चालणार. त्यामुळे त्याची तुलना सुसाट धावणाऱ्या धडधाकट उंदराशी केली तर निम्मे "फरक" वेगाचेच निघतात. हळू चाललेल्या निरोगी फेऱ्या वेगळ्या काढा, आणि प्रत्येक आकड्याशेजारी वेग लिहा.

पावसाळ्यात आणखी एक. बेळगावचा जुलै म्हणजे हवाच ओली. ओलसर पंजा काचेला जास्त चिकटतो आणि जास्त चमकतो, म्हणून पिंजरे आधीपासून त्याच खोलीत आणून ठेवा आणि भुसा कोरडा ठेवा. प्रत्येक फेरीनंतर पुसायला कंपनीची महागडी कापडं येतात. मामांच्या जुन्या धोतराचा तुकडा आणि डिस्टिल्ड वॉटर त्याहून सरस. मात्र बाजूच्या भिंती ॲक्रिलिकच्या असतील तर त्यांना स्पिरिट लावू नका, बारीक तडे जातात.

पैसे नसतील तर? उद्यमबागेतून ॲक्रिलिकची पारदर्शक पट्टी करून घ्या, खाली तिरका आरसा, मोबाइलचं स्लो मोशन, आणि व्हिडिओत शरीराचे ठरावीक बिंदू शोधणारं, २०१८ पासून फुकट मिळणारं डीपलॅबकट हे सॉफ्टवेअर. भार मोजता येणार नाही, आणि सुरुवातीला फ्रेमवर फ्रेम हाताने टिंबं द्यावी लागतील. पण सांधे कुठे वाकतात तेही दिसतं, जे आमच्या काचेला दिसत नाही. जोडीला दांड्यांची आडवी शिडी ठेवा, पाय किती वेळा निसटला ते मोजायला विद्यार्थी पुरे.

ग्रँटमधून घेणार असाल तर ऑर्डरवर सही होण्याआधी दिवे सुटे मिळतील असं लेखी घ्या. पोहोचल्या दिवशी सगळ्या काचेवर एकच वजनदार ओलसर स्पंज ठिकठिकाणी टेकवून चमक सारखी येते का बघा, आणि दर महिन्याला तेच पुन्हा करा. आम्ही आता करतो. परवा एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचं, नवं कोटेशन आलंय, त्यात खाली बारीक अक्षरांत "काच व प्रकाशयोजना वगळून" असं आहे. पर्चेस कमिटीपुढे ते अजून मी ठेवलेलं नाही.