कान कोरडा झाला म्हणजे बरा झाला असं सांगणाऱ्यांपासून जरा सांभाळून

ज्यांचा कान वर्षानुवर्षं वाहतोय त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय, बाकीच्यांनीही वाचा, घरात कोणाला तरी असतंच.

माझा उजवा कान लहानपणापासून फुटलेला. पडद्याला भोक. सर्दी झाली की वाहणार, अंघोळीत पाणी गेलं की वाहणार, मग गोळ्या, थेंब, थोडे दिवस बरं, परत तेच. ठणका फार नसतो हो, ठणका असता तर बरं असं वाटतं कधीकधी, निदान लोकांना कळलं असतं. त्रास असतो तो वासाचा आणि लाजेचा. कोणाच्या कुठल्या बाजूला बसायचं ते आधीच ठरवायचं, उशीवर डाग, पर्समध्ये कायम कापूस. आणि उजवीकडून कोणी हाक मारली की आपण त्याच्याकडे सोडून भलतीकडेच बघतो. अशी दमलेली माणसं हे लोक बरोबर हेरतात.

तर एक व्हिडिओ दिसला, "ऑपरेशनशिवाय पडदा जोडून मिळेल". स्वतःला कानाचे थेरपिस्ट म्हणवणारे गृहस्थ, पांढरा कोट, मागे भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. खाली बरे झालेल्या लोकांचे व्हिडिओ, एकामागून एक. मला डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलेलं होतं आणि मी त्याला घाबरत होते हे खरंच, त्यामुळे गेले. पहिल्या भेटीतच पेनासारखा कॅमेरा कानात घालून मोबाईलवर माझा पडदा दाखवला, भोक, पू, सगळं स्पष्ट. तो भाग खोटा नव्हता. आणि तिथेच विश्वास बसतो, कारण आधीच्या कोणी आपला कान आपल्यालाच असा दाखवलेला नसतो. (तसले कॅमेरे कोणालाही विकत मिळतात, हे मला नंतर कळलं.) पॅकेजचे पैसे सगळे आगाऊ. पावती मागितली तर "ताई, सिस्टीम बंद आहे, पाठवतो".

उपचार काय, तर एक पोकळ मेणबत्ती. तिचं एक टोक कानात, दुसरं पेटवायचं, आणि म्हणे गरम हवेने आतली घाण वर ओढली जाते. विझवल्यावर मेणबत्ती उभी चिरून दाखवतात, आत पिवळट तपकिरी पूड आणि मेणचट लगदा. बघा ताई, किती वर्षांचं साठलं होतं! मी पुढे तशीच एक मेणबत्ती मिळवून रिकाम्या बाटलीच्या तोंडात उभी करून जाळली आणि चिरली. तीच पूड, तोच लगदा. बाटलीला काही कानाचा आजार नव्हता. यावर १९९६ मध्ये रीतसर अभ्यास झालेला आहे, त्यात मोजून बघितलं तर ओढबिढ काही तयार होतच नाही असं निघालं, आणि त्याच अभ्यासात १२२ कान-नाक-घसा डॉक्टरांना विचारलं तर या मेणबत्त्यांमुळे झालेल्या २१ इजा सापडल्या, भाजणं, वितळलेलं मेण कानात बसणं वगैरे. २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारी तिथली सरकारी संस्था) या मेणबत्त्या बनवणाऱ्यांना इशारापत्रं पाठवली होती. पडद्याला भोक असताना वितळलेलं मेण कुठे जाईल याचा विचार केला की अजूनही अंगावर काटा येतो.

मग थेंब. बाटलीवर लेबल नाही, आत काय आहे ते नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. विचारलं तर "आमचा स्वतःचा फॉर्म्युला आहे, लिहिला तर लोक चोरतील". बाटली फ्रीजमध्ये ठेवायची आणि थंडगारच घालायची. पहिल्यांदा घातले तशी खोली गरगर फिरली, भिंतीला धरून बसले, उलटी होईल असं झालं. फोन केला तर गृहस्थ खूष. म्हणे विष निघतंय, उत्तम लक्षण आहे! आता ऐका. कानात गार किंवा गरम काही गेलं की आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांमधला द्रव हलतो आणि चक्कर येते, कोणालाही येते, पडद्याला भोक असेल तर जास्तच. रॉबर्ट बारानी नावाच्या डॉक्टरने कान धुताना पेशंटना चक्कर का येते याचा पिच्छा पुरवला, पाणी अंगाच्या उष्णतेइतकं कोमट असलं तर येत नाही हे ताडलं, आणि तोलाच्या इंद्रियावरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. ज्या गोष्टीची उकल शंभर वर्षांपूर्वी झाली ती हे लोक आज "विष निघतंय" म्हणून विकतात. म्हणून डॉक्टर बाटली आधी हातात धरून कोमट करायला सांगतात, इतकं साधं आहे ते.

पण कान कोरडा झाला. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल ही आधीपासूनच शंका घेत बसली असेल. वाहणं थांबलं, खाज थांबली, मी आनंदाने चार जणांना सांगितलं. मग त्यांनी परत कॅमेरा घातला, या वेळी स्क्रीन मात्र त्यांच्याकडे वळवलेली, आणि नंतर मोबाईलवर फोटो पाठवला. मोत्यासारखा चकचकीत अखंड पडदा. खाली लिहिलेलं, "अभिनंदन, पडदा जुळला". ऐकू मात्र पूर्वीइतकंच येत होतं, त्याचं उत्तर तयार होतं, नसा जाग्या व्हायला वेळ लागतो, आणि त्यासाठी पुढचं पॅकेज.

पुढे काय झालं तर कान परत भरला, या वेळी खाज इतकी की झोप लागेना, दडा बसला, आणि कापसावर काळे ठिपके यायला लागले. थेरपिस्ट म्हणाले जुनी घाण सुटतेय, थेंब वाढवा. मी वाढवले नाहीत, सरळ ईएनटी डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि लगेच म्हणाल्या बुरशी आहे. पांढरा कापसासारखा थर आणि त्यावर काळे ठिपके, भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं दिसतं, ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी बहुतेक वेळा असते. बाटलीत काय होतं ते नुसतं बघून सांगता येत नाही म्हणाल्या, पण अशा बिनलेबलच्या थेंबांत स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक असल्याचा संशय येतोच, कारण स्टिरॉइडने सूज-खाज झटकन दबते, अँटिबायोटिकने बॅक्टेरिया मरतात, आणि ओल्या कानात बुरशीला मोकळं रान मिळतं.

मग मी तो अभिनंदनवाला फोटो दाखवला. मॅडमनी दोन सेकंद बघितला आणि विचारलं, तुमचा कुठला कान वाहतो? म्हटलं उजवा. म्हणाल्या मग हा तुमचा नाहीच, हा डावा कान आहे.

मी बघतच राहिले. त्यांनी समजावलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. निरोगी पडद्यावर उजेड पडला की खालच्या बाजूला एक चमकदार त्रिकोण दिसतो. पडदा घड्याळ समजलं तर उजव्या कानात तो पाचच्या आकड्याकडे असतो आणि डाव्या कानात सातच्या. माझ्या फोटोत तो सातला होता. (ज्या कानात आजार असतो त्यात हा त्रिकोण दिसतोच असं नाही, पण यांनी तर निरोगी म्हणूनच पाठवला होता.) शिवाय इतक्या वर्षांच्या भोकाचा मागमूसही नाही, ना डाग ना पांढरा चट्टा, असं होत नाही म्हणाल्या. घरी येऊन तो फोटो इंटरनेटवर शोधला तर निरोगी पडद्याचा नमुना म्हणून शिकवायला वापरतात तोच निघाला. माझं भोक जिथे होतं तिथेच आहे, तेवढंच आहे.

मग ते बरे झालेले लोक कोण? मलाही हाच प्रश्न पडला. मॅडम म्हणाल्या, त्यात काही खरेही असतील. कानफटीत बसून किंवा काडी लागून नव्याने फाटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत आपोआप भरतो, काहीही न करता. अशा माणसाने मधे यांचे थेंब घातले की श्रेय यांना. जुनं भोक, ज्याच्या कडा कातडीने बंद झाल्यात, ते सहसा थेंबाने भरत नाही. आणि वाहणं तर मुळात थांबतं आणि सुरू होतं, आजाराचा स्वभावच तो, त्यामुळे कोरड्या दिवसांत ज्याचा उपचार चालू असेल तो देव ठरतो.

खरा उपचार इतका साधा निघाला की राग आला. मायक्रोस्कोपखाली सक्शनने कान पूर्ण साफ केला, परत परत बोलावून केला, बुरशी मारणारे थेंब दिले, आणि पाणी अजिबात जाऊ द्यायचं नाही, अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. मला आधी इतक्या गोळ्या घेऊनही गुण का येत नव्हता तेही कळलं. पू वाहतो तेव्हा स्यूडोमोनाससारखे चिवट जंतू असतात, गोळीचं औषध रक्तातून तिथे फार थोडं पोचतं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचे ०.३ टक्क्यांचे थेंब त्याच्या कितीतरी पट जास्त पोचवतात, पण कान आधी साफ असला तर, नाहीतर थेंब पुवर तरंगतात. आणि भोक असलेल्या कानात जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब मनाने घालायचे नाहीत, आतल्या कानाला इजा होऊन बहिरेपण येऊ शकतं. म्हणजे घरातली कोणाची तरी उरलेली बाटलीसुद्धा नको.

सगळ्यात जास्त संताप याचा की त्या गृहस्थांनी कोलेस्टिअटोमाचं नावही काढलं नव्हतं. त्यात कातडी पडद्याच्या आत वाढत जाते आणि ऐकण्याची बारीक हाडं पोखरते, पू थोडाच असतो पण घाण वास. त्याला ऑपरेशनशिवाय इलाज नाही. मॅडमनी पहिल्यांदा तेच तपासलं, माझ्यात नव्हतं, नशीब. ज्याच्यात असेल त्याचे महिने असल्या मेणबत्त्यांत गेले तर काय? वाहत्या कानासोबत चेहरा एका बाजूला वाकडा होणं, कानामागे सूज, जोराची चक्कर, तापासोबत सतत डोकं दुखणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, थांबू नका.

माझा कान आता कोरडा आहे, ऐकण्याची तपासणी झाली, पडद्याचं ऑपरेशन ठरलंय. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचा ठिगळ लावतात. भीती आहे अजून, पण कशाची भीती आहे ते तरी माहीत आहे.

पैशांचं म्हणाल तर मी दोन्ही गोष्टी लिहून पाठवल्या, फोटो डाव्या कानाचा आहे आणि बाटलीवर लेबल नाही. आधी उत्तर आलं की फोटो चुकून दुसऱ्या पेशंटचा गेला. मग खऱ्या फोटोची मागणी केली, तो काही आला नाही. तक्रार करतेय म्हटल्यावर मात्र लगेच फोन, गोड आवाज, ताई अर्धे पैसे परत करतो, फक्त एक छोटा व्हिडिओ करून द्या, कान कोरडा झाला एवढंच बोला, ते तर खरंच आहे ना. जाहिरातीतले ते एकामागून एक व्हिडिओ कसे जमले असतील ते तेव्हा कळलं. मी व्हिडिओ दिला नाही, तक्रार केली. पैसे अजून आलेले नाहीत.