टर्नटेबल आणि ॲम्प्लिफायर यांच्या मधली पेटी : आर्टचा ‘डीजे प्री टू’, आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील आमच्या जुन्या घराच्या माडीवर तबकडी फिरवणारे टर्नटेबल आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये पानाच्या डब्याएवढी एक धातूची पेटी गेले आठ महिने बसलेली आहे. आर्ट या कंपनीचा ‘डीजे प्री टू’ हा फोनो प्रीॲम्प्लिफायर (थोडक्यात प्रीॲम्प) तो हाच. नावातल्या ‘डीजे’मुळे गणपतीच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती डोळ्यांसमोर उभ्या राहतात आणि घरातल्यांनीही पहिल्या दिवशी तीच शंका बोलून दाखवली होती, प्रत्यक्षात हे उपकरण स्वतः काहीच वाजवत नाही, तबकडीवरून निघालेला अत्यंत क्षीण सिग्नल ॲम्प्लिफायरला पेलेल एवढा करून देणे इतकेच त्याचे काम आहे.

माझे टर्नटेबल ऑडिओ-टेक्निकाचे एलपी१२०एक्स आहे आणि त्यात प्रीॲम्प मुळातच बसवलेला आहे. मग वेगळा कशाला घेतला, हा प्रश्न रास्त आहे. अंगचा प्रीॲम्प वाईट नाही, फक्त त्यात काहीही कमीजास्त करता येत नाही. या पेटीत मात्र तीन गोष्टी आपल्या हातात राहतात: आवाजाची पातळी ठरवणारे गेनचे बटण, कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या आणि तिच्या कंपनातून सिग्नल काढणाऱ्या भागाला) मिळणारी कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, १०० किंवा २०० पिकोफॅरड (तिचे एकक) ठेवण्याचा खटका, आणि अतिखालचे स्वर गाळणारा लो-कटचा खटका. माझ्या मते हिचे मोल या तीन खटक्याबटणांतच आहे, आणि ज्याला त्यांना हात लावायचा नाही त्याने ती घेऊ नये.

प्रीॲम्प मुळात लागतोच कशाला, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे घरोघरी जे पोर्टेबल रेकॉर्ड प्लेअर होते त्यांत सिरॅमिक कार्ट्रिज असे आणि त्याचा सिग्नल इतका दणकट असे की मध्ये काही न लावताही गाणे वाजे. आजच्या टर्नटेबलवरचे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (ज्यात सुईसोबत चुंबक हलते) मात्र जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट देते. शिवाय तबकडी कोरतानाच खर्जातला आवाज मुद्दाम दाबलेला आणि वरचा आवाज मुद्दाम चढवलेला असतो. खर्ज दाबला नाही तर खाचेची वळणे रुंद होऊन एका बाजूवर मावणारे गाणे कमी होते, आणि वरचा आवाज चढवला नाही तर तबकडीची खरखर गाण्याच्या वर येते. वाजवताना हे सगळे उलटे करावे लागते. त्यासाठी १९५४ च्या सुमारास ठरलेली ‘आरआयएए’ नावाची प्रमाण वक्ररेषा आहे, तिच्यानुसार १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा आवाज सुमारे १९ डेसिबेलने वाढवायचा आणि २० किलोहर्ट्झचा जवळजवळ तेवढाच उतरवायचा. दोन टोकांमधला हा फरक व्होल्टेजच्या हिशेबात नव्वदपटीच्या आसपास जातो, हे लक्षात घेतले म्हणजे ही पेटी साधी ‘आवाज वाढवणारी’ नव्हे हे पटते.

आता जोडणीबद्दल, आणि सुरुवात माझ्याच वेंधळेपणापासून. टर्नटेबलच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असा एक छोटा सरकता खटका असतो. बाहेरचा प्रीॲम्प लावायचा तर तो ‘फोनो’वर हवा, म्हणजे अंगचा प्रीॲम्प बाजूला पडतो. मी तो ‘लाइन’वरच विसरलो. परिणामी एकदा वाढवलेला सिग्नल पुन्हा वाढवला गेला, खर्जाची दुरुस्तीही दोनदा झाली, आणि किशोरी आमोणकरांच्या तबकडीवरचा तबला ढोलाच्याही पलीकडचा ऐकू येऊ लागला. वरून सिग्नल अति झाल्याचा पेटीवरचा दिवा लाल झाला तो झालाच. अर्धा तास मी नव्या पेटीला बोल लावत होतो. खटका सरकवला आणि सारे जागेवर आले. नवी जोडणी करणाऱ्याने सर्वांत आधी हा खटका पाहावा.

त्यानंतर उरला तो ‘घूं’. टर्नटेबल वापरणाऱ्या बहुतेकांना हा पाहुणा ठाऊक असतो. गाणे नसताना स्पीकरमधून एक सलग, कंटाळवाणा, आपल्या विजेच्या ५० हर्ट्झचा स्वर येत राहतो. टर्नटेबलपासून येणारी बारीक अर्थिंगची तार पेटीच्या अर्थिंगच्या स्क्रूखाली घट्ट दाबल्यावर तो पुष्कळ उतरला. पेटी मी हौसेने ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवली होती, तिथून उचलून दीड हात बाजूला नेल्यावर आणखी उतरला, कारण ॲम्प्लिफायरच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र एवढ्या नाजूक सिग्नलमध्ये सहज शिरते. सिग्नलच्या वायरी आणि विजेच्या वायरी एकाच जुडग्यात बांधल्या होत्या, त्याही वेगळ्या केल्या. तरी रात्री पेठ शांत झाली की तो ऐकू यायचाच.

शेवटी गल्लीतल्या वायरमनला बोलावले. त्याने दोन वायरींना लावलेला साधा बल्ब घेतला, माडीवरच्या थ्री-पिन सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यात धरला, बल्ब लागला. मग फेज आणि अर्थ यांच्यात धरला, तर काहीच नाही. “काका, हितं अर्थिंगच न्हाई की! भोक हाय, आत वायर न्हाई,” असे म्हणून तो हसला. तिसऱ्या पिनेचे भोक तीस वर्षे नुसते शोभेला होते आणि त्यात आम्ही इस्त्रीपासून फ्रिजपर्यंत सगळे चालवत होतो. परड्यात अर्थिंगचा खड्डा करून तिथून माडीपर्यंत वायर ओढली. खर्च पेटीच्या किमतीच्या जवळ गेला, पण तो केवळ गाण्यासाठी झालेला नाही. जुन्या घरात राहणाऱ्यांनी एवढी तपासणी टर्नटेबल नसले तरी करून घ्यावी. मात्र बल्ब धरण्याचे काम स्वतः करू नये.

एवढे होऊनही एक बारीक घूं शिल्लक राहिला आणि त्याचे कारण सगळ्यांत अनपेक्षित निघाले. टीव्हीचा आवाज याच ॲम्प्लिफायरमधून यावा म्हणून सेट-टॉप बॉक्सची वायर त्याला जोडलेली होती. केबलचे जाळे गल्लीभर फिरून येते आणि त्याचे अर्थिंग भलतीकडेच असते, त्यामुळे दोन अर्थिंगांमध्ये एक वाट तयार होऊन तिच्यातून मेनचा प्रवाह वाहत होता. ती वायर उपसली आणि माडीवर प्रथमच खरी शांतता झाली. हे सगळे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की याआधी मी एक स्वस्तातला, नाव नसलेला प्रीॲम्प ‘घूं करतो’ म्हणून विकून टाकला होता. आज वाटते की त्या बिचाऱ्याचा दोष निम्माही नसावा.

कपॅसिटन्सचा खटका हा या पेटीतला मला सर्वांत आवडलेला भाग आहे आणि त्याच्याकडेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते. माझ्या टर्नटेबलसोबत एटी-व्हीएम९५ई हे कार्ट्रिज आले. त्याला ४७ किलोओहमचा भार आणि एकूण १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स मानवते, असे त्याची कंपनीच सांगते. ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पेटीतल्या आकड्यात वायरीची कपॅसिटन्स मिळवावी लागते, ती मीटरभर वायरीला साधारण १०० पिकोफॅरडच्या आसपास धरायला हरकत नाही, आणि आर्मच्या, म्हणजे सुईच्या दांडीच्या, आतून जाणाऱ्या बारीक तारांची थोडी वेगळी. म्हणजे खटका १०० वर ठेवला तरी आपण मर्यादेच्या वरच्या टोकाला पोहोचलेलो असतो, आणि २०० वर ठेवला की ती ओलांडतो.

ओलांडल्याने काय होते, तर कार्ट्रिजमधल्या गुंडाळीचे ५५० मिलिहेन्री इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) आणि ही कपॅसिटन्स मिळून एक अनुनाद, म्हणजे ठरावीक स्वराला मिळणारी जादा उसळी, तयार करतात. एकूण २०० पिकोफॅरडला तो १५ किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, ३५० ला तो साडेअकरापर्यंत खाली घसरतो, आणि तिथे आवाज उगाचच उंचावून त्याच्या पुढे झपकन कोसळतो. ही गणिते कागदावरची वाटतात, म्हणून मी एकच तबकडी दोन्ही जागांवर खटका ठेवून पुन्हा पुन्हा ऐकली. २०० वर तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ टोचू लागला, हार्मोनियमला पत्र्याची धार आली आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुणगुणता झंकार, जी गायकाच्या मागे धुक्यासारखी असायला हवी, ती पुढे येऊन चकाकू लागली. १०० वर तीच जवारी मागे गेली आणि षड्जाच्या भोवती पसरली. आधीची लांबलचक वायर काढून पाऊण मीटरची लावल्यावर आणखी थोडे सुधारले, म्हणजे मला तरी तसे वाटले. कानाच्या साक्षीवर इथे मी फार भर देणार नाही, कारण पदरचे पैसे घातले की कान मालकाच्या बाजूने साक्ष देतात. ऑर्टोफॉनच्या टूएम रेडसारख्या कार्ट्रिजला १५० ते ३०० पिकोफॅरड चालतात. त्यासाठी २०० ची जागा उपयोगी पडेल.

लो-कटचा खटका मी आधी निरुपयोगी समजत होतो. आमची माडी लाकडी तक्तपोशीची आहे, कोणी जिना चढले की टर्नटेबलला कळते, आणि जुन्या तबकड्यांपैकी निम्म्या पावसाळ्यात कपाटात तिरप्या राहून किंचित वाकलेल्या आहेत. अशी तबकडी वाजत असताना स्पीकरची जाळी काढून पाहिले तर वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) पडदा झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा आत-बाहेर होताना दिसतो, आवाज मात्र काहीच नसतो. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या तबकडीचा बाक सेकंदाला साधारण अर्धा फेरा या गतीने सुईखालून जातो; इतक्या खालचे काही ऐकू येत नाही, पण ॲम्प्लिफायरची ताकद आणि वूफरची हालचाल त्यात वाया जाते. खटका दाबला की पडदा जागच्या जागी थांबतो. गाण्यातले काही कमी झाल्याचे मला जाणवलेले नाही. पखवाजाच्या डाव्या अंगाची घुमारसुद्धा शाबूत आहे. आता तो खटका कायम दाबलेलाच असतो.

गेनबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मराठी चित्रपटगीतांच्या ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या मोठ्या आवाजात कोरलेल्या असतात, त्यांतली सर्वांत दणक्याची लावणी लावून दिवा लाल होणार नाही इथे बटण ठेवले आणि पुन्हा त्याला हात लावला नाही.

टर्नटेबलच्या अंगच्या प्रीॲम्पशी तुलना केली तर फरक आहे, पण दुकानदार सांगतात तेवढा नाही. दोन गाण्यांमधल्या मोकळ्या खाचेत इथे सुसकारा कमी आहे आणि विलंबित ख्यालात गायकामागची जागा थोडी मोकळी वाटते, इतकेच. ज्याच्याकडे एकच कार्ट्रिज आहे, तबकड्या सरळ आहेत आणि घर काँक्रीटचे आहे, त्याने हे पैसे चांगल्या सुईवर घालावेत. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजवाल्यांसाठी (ज्यांत चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी हलते) ही पेटी नाहीच. त्या कार्ट्रिजचा सिग्नल अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली असतो आणि त्याला सुमारे ६० डेसिबेल वाढ लागते, इथली वाढ मूव्हिंग मॅग्नेटच्या बेताची आहे. कोल्हापुरातल्या दुकानांत मला ती मिळाली नाही, मुंबईहून मागवावी लागली, आणि किंमत विक्रेत्यागणिक इतकी बदलते की दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नये. पिन लावताना आणि काढताना ॲम्प्लिफायर आधी बंद करावा, नाहीतर वूफरमधून ‘धप्प’ असा आवाज येतो. वळवाच्या दिवसांत गडगडायला लागले की मी ॲडॉप्टरच काढून ठेवतो.

आणखी एक उपयोग मी करून पाहिला. आजोबांच्या ट्रंकेत ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या आहेत आणि त्यांत केसरबाई केरकरांची एक आहे. ज्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे त्या शिकल्या ते शाहू महाराजांच्या दरबारातले गायक, त्यामुळे आमच्या घरात या तबकडीला देव्हाऱ्यातल्या वस्तूचा मान आहे. एलपीची (३३ फेऱ्यांच्या तबकडीची) सुई त्या रुंद खाचेत चालत नाही, म्हणून मी जाड टोकाची वेगळी सुई मिळवली. पण आरआयएए ठरण्याच्या कितीतरी आधीच्या या तबकड्या वेगळ्याच हिशेबाने कोरलेल्या आहेत, आणि पेटीतली वक्ररेषा बदलता येत नाही. न चढवलेला वरचा आवाज ती इमानेइतबारे उतरवते आणि केसरबाई पडद्याआड बसून गात असल्यासारख्या वाटतात. ॲम्प्लिफायरवरचे ट्रेबलचे बटण जवळजवळ शेवटपर्यंत फिरवल्यावर पडदा अर्धा सरकतो, खरखर दुप्पट होते, आणि साडेतीन मिनिटांच्या आत त्या तबकडीने संपायचे असते म्हणून तान जी घाईने समेवर येते ती स्पष्ट ऐकू येते.