फ्रंट लोड मशीन: दीड वर्षाच्या वापरानंतर

मागच्याच्या मागच्या दिवाळीला आम्ही ७ किलोचं, हीटर असलेलं फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतलं. घरात चार माणसं, मुलगा पहिलीत. आठवड्याला पाच-सहा वेळा तरी मशीन लावावं लागतं. राहायला वाघोलीत, इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. घेण्याआधी मी लोकांचे बरेच अनुभव वाचले होते, पण आपल्याकडे पाणी कुठलं येतं हे कोणीच लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडे जे जे अडलं ते बहुतेक पाण्यामुळेच अडलं, म्हणून मी त्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

कपडे धुण्याबद्दल तक्रार नाही. गणवेशाची कॉलर, सासूबाईंच्या सुती साड्या, पांढरे टॉवेल, सगळं छान निघतं. पिळून इतकं कोरडं होतं की पावसाळ्यातही पातळ कपडे घरातल्या दोरीवर रात्रीतून वाळतात.

पहिली अडचण तिसऱ्या महिन्यात आली. दीड तासाचं धुणं अडीच तास चालायला लागलं. पाणी भरतानाच मशीन अडकायचं, कधी पाणी येत नसल्याची खूण दाखवून थांबायचं. नळ बंद करून मागचा पाइप काढला तर आतल्या इवल्याशा जाळीवर टँकरच्या गाळाचा लाल थर बसलेला. पक्कडीने हलकेच ओढून जाळी काढली, जुन्या टूथब्रशने घासली, परत बसवली. दहा मिनिटांचं काम. आता उन्हाळ्यात दर महिन्याला करते. तरीही वेग पूर्ण आला नाही, कारण दुसरं कारण उंचीचं होतं. दहा मीटर उंचीवरचं पाणी साधारण १ बार दाब देतं. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळापासून जेमतेम अडीच मीटर वर, म्हणजे पाव बार. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत किमान ०.३ बार लिहिलंय. शेवटी सोसायटीची परवानगी काढून छोटा प्रेशर पंप बसवला. वरच्या मजल्यावर राहत असाल तर दुकानात पाऊल टाकण्याआधी हा हिशोब करा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पाचव्या महिन्यात मशीन पाणी आत ठेवूनच बंद पडलं. दार उघडेना, आत शाळेचे कपडे. कंपनीचा माणूस आला, पॅनेलवरची खूण बघितली आणि पंप गेलाय म्हणाला. खर्च २,८०० रुपये. खालचं झाकण त्याने उघडलंसुद्धा नाही. मला ते पटेना, मी एक दिवस मागून घेतला आणि पुस्तिका घेऊन बसले. प्लग काढला. गरम पाण्याचं धुणं होतं म्हणून ते निवू दिलं. मशीनच्या पुढच्या बाजूला खाली एक छोटं झाकण असतं, त्याच्या आत एक बारीक नळी आणि एक फिरकी. नळीचं टोक परातीत धरून बूच काढलं. परात सात वेळा भरली. मग फिरकी उलटी फिरवून फिल्टर बाहेर ओढला. दोन रुपयांचं नाणं, केसांची पिन, शर्टाचं बटण आणि या सगळ्याला गुंडाळलेला केसांचा बोळा. आत बॅटरी मारली की पंपाचा लहानसा पंखा दिसतो. तो बोटाने फिरवला तर अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. त्याने घाबरू नका. आत चुंबक असतो म्हणून तो तसाच फिरतो, तो बिघाड नाही. पंख्याला गुंडाळलेले केस काढले, फिल्टर घट्ट बसवला, आणि मशीनने पाणी सोडलं. तोच पंप आजही चालतोय. तेव्हापासून खिसे तपासणं मुलाच्या कामात आहे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी फिल्टर उघडतेच.

पावसाळ्यात कुबट वास सुरू झाला. आधी मी पावडर वाढवली, आणि तिथेच चुकले. या मशीनमध्ये कपडे वर जाऊन खाली आपटतात, त्यावरच मळ निघतो. फेस जास्त झाला की कपडे त्याच्या गादीवर पडतात, आपटतच नाहीत, आणि उरलेला साबण ड्रमच्या मागे, पाइपांत चिकटून राहतो. त्यावर बुरशी जोमाने वाढते. दाराच्या रबराची घडी खाली ओढून बघितली तर काळे ठिपके आणि साचलेलं पाणी. कपडे मऊ करायच्या औषधाचा खण तर आतून काळा पडलेला. खटका दाबला की तो पूर्ण बाहेर येतो, हे मला सहा महिने माहीत नव्हतं.

आता करते ते असं. धुणं झालं की रबराच्या घडीतून फडकं फिरवायचं, दार आणि खण उघडेच ठेवायचे. हाताने धुवायची, भरपूर फेसाची पावडर घरातून बाद केली. फ्रंट लोडची पावडरच वापरते, नेहमीच्या धुण्याला लिक्विड नाही. पांढऱ्या कपड्यांसाठी बहुतेक पावडरींत ऑक्सिजनचं ब्लीच असतं, लिक्विडमध्ये सहसा नसतं. महिन्यातून एकदा टॉवेल-चादरी ६० अंशांवर धुते. नुसतं थंड किंवा कोमट पाणी वापरत राहिलं की तेलकट थर विरघळतच नाही.

क्षारांचा प्रश्न वेगळा. सोसायटीने पाणी तपासून घेतलं तेव्हा कठीणपणा लिटरला ४८० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अपेक्षित मर्यादा २०० आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. टीडीएस (पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून) आणि कठीणपणा एकच समजू नका, मशीनला त्रास कॅल्शियम-मॅग्नेशियमचा होतो. टॉवेल पापडासारखे कडक व्हायला लागले, दाराच्या काचेवर पांढरी पुटं दिसायला लागली. तीच पुटं हीटरवरही बसतात आणि पाणी तापायला वेळ लागतो. दोन-अडीच महिन्यांनी मी रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकते. किराणा दुकानात ते लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. ६० अंशांचा प्रोग्रॅम लावते, मग एकदा नुसत्या पाण्याने खळबळून घेते. व्हिनेगर वारंवार वापरलं तर रबराला त्रास होतो असं मला मेकॅनिकने सांगितलं, म्हणून ते टाळते. आणि हे कृपा करून लक्षात ठेवा: आम्ल आणि ब्लीचिंगचं द्रावण कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पिळताना मशीन नाचायचं, तेही निस्तरलं. न्हाणीघराच्या फरशीला उतार असतोच. पाय फिरवून, पाणसळ लावून मशीन सपाट केलं आणि पायांवरचे नट आवळले. चाकांचा स्टँड आणला होता, तो काढून टाकला. एकटी जाड चादर किंवा पायपुसणं टाकलं की वजन एका बाजूला जातं, तेव्हा सोबत दोन टॉवेल टाकते. मशीन नवीन असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत ना ते आधी बघा, ते तसेच राहिले तर भयंकर हादरतं. दाराला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. इलेक्ट्रिशियनने बघितलं तर सॉकेटमध्ये अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. तळाला उंदरांसाठी जाळी लावून घेतली आहे, तारा कुरतडल्या तर खर्च मोठा असतो.

एक गोष्ट मात्र घेण्याआधी विचारायला हवी होती: ड्रमभोवतीचा बाहेरचा टब उघडतो की कायमचा चिकटवलेला आहे. ड्रमच्या मागे पाणी अडवणारं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं, आणि टब उघडता येत नसेल तर अख्खा संच बदलावा लागतो. आमचा उघडत नाही. म्हणून फिल्टर साफ करायच्या दिवशीच ड्रमचा वरचा काठ धरून वर-खाली हलवून बघते. टबासकट सगळं हललं तर ठीक, ते स्प्रिंगवरच असतं. ड्रम टबापासून वेगळा हलला, किंवा रिकामा फिरवताना घरघरला, तर दुरुस्तीवाल्याला बोलवायचं. या रविवारी बघितलं, अजून शांत फिरतोय.