कॅटॅलिस्ट ३५६०जी राउटिंगला लावल्यावर: काही महिन्यांचा अनुभव

भोसरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात ऑफिस, शॉप फ्लोअर आणि कॅमेरे अशी तीन व्हीलॅन (एकाच स्विचवरची आभासी, वेगळी नेटवर्क) आहेत. त्यांच्यातलं राउटिंग (एकीतून दुसरीत पॅकेट पोचवणं) आधी इंटरनेटचा राउटरच करायचा, तेही एकाच गिगाबिट केबलवरून. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग कुणी ऑफिसच्या पीसीवर ओढायला घेतलं की ईआरपी (कारखान्याचं हिशेब-साठ्याचं सॉफ्टवेअर) रांगायला लागायचं. पावसाळ्याच्या तोंडावर हे काम सेकंडहँड मिळालेल्या सिस्को कॅटॅलिस्ट ३५६०जी या राउटिंग करू शकणाऱ्या स्विचवर हलवलं: २४ गिगाबिट पोर्ट, ४ एसएफपी (फायबर वगैरेचे मॉड्यूल बसवायच्या जागा).

वेगाबद्दल बोलायलाच नको. पॅकेट हार्डवेअरमध्येच पुढे जातात, सीपीयू निवांत असतो. वेळ जातो तो आयपी पत्त्यांवर.

नव्या माणसाला आधी हे पटवावं लागतं की इथे पत्ता सहसा पोर्टाला नाही, व्हीलॅनला देतात. ‘इंटरफेस व्हीलॅन २०’, खाली ‘आयपी ॲड्रेस १९२.१६८.२०.१ २५५.२५५.२५५.०’, मग ‘नो शटडाउन’. हाच पत्ता त्या व्हीलॅनमधल्या मशीनचा गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट. राउटरकडे जाणारा एक पोर्ट मात्र आम्ही ‘नो स्विचपोर्ट’ करून (म्हणजे राउटरच्या पोर्टासारखा बनवून) थेट पत्ता दिलाय, १०.०.०.२, मास्क /३०, म्हणजे वापरता येणारे दोनच पत्ते. दोनच टोकं असलेल्या लिंकसाठी अख्खं /२४ (२५४ पत्ते) कशाला अडवायचं?

एवढं करून ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’मध्ये प्रोटोकॉल डाउन दिसला तर स्विच बिघडलाय असं समजू नका. इंटरफेस बनवला म्हणून व्हीलॅन आपोआप तयार होत नाही, ती वेगळी बनवावी लागते. शिवाय त्या व्हीलॅनचा निदान एक पोर्ट किंवा तिला वाहणारा ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारा पोर्ट) चालू आणि फॉरवर्डिंगमध्ये असल्याशिवाय इंटरफेस वर येत नाही. कॅमेरे जोडायच्या आदल्या दिवशी पत्ते टाकून ठेवणाऱ्याला हे हमखास चक्रावतं.

‘आयपी राउटिंग’ ही ओळ मुळात बंद असते. ती टाकली की स्विचला स्वतःला बाहेरची वाट दाखवणारं ‘आयपी डीफॉल्ट-गेटवे’ निरुपयोगी होतं. त्याच्या जागी ‘आयपी राऊट ०.०.०.० ०.०.०.० १०.०.०.१’ (बाकी सगळं राउटरकडे पाठव) लागतं. ते राहिलं तर दुरून जोडलेला संपर्क तुटू शकतो. म्हणून हा बदल कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची) लावूनच करावा. दुरूनच करायचा झाला तर आधी ‘रीलोड इन १०’ द्या. संपर्क तुटला तरी दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगसह उठतो, आणि सगळं नीट झालं तर ‘रीलोड कॅन्सल’. अट एकच, मधल्या वेळात सेव्ह करायचं नाही. या सोयीसाठी मी या डब्याला वेगळे गुण देईन.

सगळ्यात जास्त गोंधळ परतीच्या वाटेचा. व्हीलॅन एकमेकींना पिंग करतात, गेटवेही उत्तर देतो, पण इंटरनेट नाही. दोष स्विचच्या माथी मारला जातो, आणि खोट असते राउटरमध्ये: १९२.१६८.२०.० कुठे आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तिथे स्विचच्या पत्त्याकडे स्टॅटिक राऊट (हाताने लिहिलेली वाट) हवा, आणि नॅटच्या (आतले पत्ते इंटरनेटसाठी बदलून देण्याच्या) यादीतही ही सबनेट, म्हणजे व्हीलॅनचे पत्त्यांचे गट, हवीत. ३५६०जी स्वतः नॅट करत नाही, त्यामुळे राउटर विकायला काढू नका.

डीएचसीपी सर्व्हर (मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटणारा) ऑफिसच्या व्हीलॅनमध्ये आहे. बाकी दोन्ही इंटरफेसवर ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’ची (पत्त्याची मागणी त्या सर्व्हरकडे पोचवणारी) एक ओळ टाकली की काम झालं. प्रिंटरचं तसं नाही. लॅपटॉपला शेजारच्या व्हीलॅनमधला प्रिंटर आपोआप सापडत नाही, कारण त्याला शोधणारी मल्टिकास्ट (एकदम अनेकांना मारलेली) हाक राउटिंग ओलांडत नाही. आयपी टाकून जोडायचा. हे समजावण्यात माझा जेवढा वेळ गेला तेवढा स्विच बसवण्यातही गेला नव्हता.

राउटिंग सुरू झालं की सगळ्या व्हीलॅन एकमेकींना खुल्या होतात, हेही लक्षात असू द्या. कॅमेऱ्याचा पासवर्ड ‘ॲडमिन’ ठेवून जाणारे इन्स्टॉलर सगळीकडे भेटतात. आम्ही व्हीलॅन ३० वर ‘इन’ दिशेने ॲक्सेस लिस्ट (कोणी कोणाशी बोलायचं याची यादी) लावली: कॅमेऱ्यांनी फक्त रेकॉर्डरशी बोलायचं. ‘इन’ म्हणजे व्हीलॅनकडून स्विचमध्ये येणारं. हे उलटं धरलं तर भलतंच अडतं.

घ्यावा का? दोन-चार व्हीलॅन आणि स्टॅटिक राऊट एवढीच गरज असेल तर खुशाल घ्या, पण पंख्याचा आवाज बघता टेबलाजवळ नको. आयपीव्ही६ (नव्या पिढीचे आयपी पत्ते) हवं असेल तर ‘एसडीएम प्रेफर’ने टेम्प्लेट (स्विचच्या मेमरीची वाटणी) बदलून रीबूट करावं लागतं. आमच्याकडे तो रीबूट मार्चएंड होईपर्यंत अकाउंट्सवाले करू देणार नाहीत.